सोबतिणींची शिफ्ट

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. नोकरीत शिफ्ट इन-चार्ज म्हणून जन्मभर लॉगबुक लिहिलं. ते साहेबलोक वाचायचे, म्हणून अर्धं खोटं असायचं. हे कोणीच वाचणार नाही. तेव्हा इथे खरं तेच.

मुद्दा असा. आमच्या सौ.ने, म्हणजे प्रियदर्शिनीने, दोन वर्षांपूर्वी मुंबईला जाऊन डूलाचं ट्रेनिंग घेतलं. डूला म्हणजे बाळंतपणात बाईच्या सोबतीला बसणारी. ती डॉक्टर नाही, नर्स नाही, सुईणसुद्धा नाही. इंजेक्शन देत नाही, सल्ला देत नाही. मग करते काय, असं मी तेव्हाच विचारलं होतं. सौ. म्हणाली, सोबत. याला काही जॉब डिस्क्रिप्शन म्हणत नाहीत. पण मी तेव्हा नोकरीत होतो, सोडून दिलं.

आता रिटायर झालोय. मंडळाचं नाव 'सोबतीण'. सौ. धरून चार बायका. दांडीची सपना, घरचा मासळीचा धंदा. पामला भाड्याने राहणारी पारू, मूळची डोंगराकडची. आणि नांदेडकडची मैनाबाई. हिचा नवरा नागोराव माझ्याच प्लांटला होता. मागच्या महिन्यात मी मंडळाचा अध्यक्ष झालो. निवड बिनविरोध. मीटिंगला वेळेवर मी एकटाच होतो.

परिस्थिती भयानक. हजेरी नाही, ड्युटी चार्ट नाही. फोन आला की जिला जमेल ती उठते आणि जाते, मग किती का तास लागेनात. परत आल्यावर रिपोर्ट नाही, नुसती झोपते. एवढ्या बेशिस्तीत साबणाचा कारखाना चालणार नाही, आणि या बाळंतपणं करायला निघाल्यात.

आमची मुलगी स्वरा परवा पुण्याहून आली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख आहे. मागच्या वर्षी तिला तिसऱ्या महिन्यात जे झालं, त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. मी तर नाहीच. यावेळी सिस्टिम असणार आहे, त्यामुळे काळजीचं कारण नाही.

संकल्प: शिफ्ट लावणे. साखर बंद.

५ नोव्हेंबर, बुधवार
मीटिंग घेतली. बोर्डावर लिहून दाखवलं. फर्स्ट शिफ्ट सात ते तीन, सेकंड तीन ते अकरा, थर्ड अकरा ते सात. जी ड्युटीवर, तीच केसवर. वेळ झाली की रिलीव्हरने यायचं, हँडओव्हर घ्यायचा, पहिलीने घरी जायचं. बोईसरची अख्खी एमआयडीसी यावर चालते. दमलेला माणूस चुका करतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

मैनाबाई तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, "सायेब, पोटातल्या लेकराला हूटर ऐकू येतंय व्हय?"

सपनाचं म्हणणं, तीन वाजता त्यांची बोट लागते. "तवा मी मावरं इकायला बसू का तुमच्या शिफ्टला बसू?" पारूने पुढच्या सोमवारपासून भात कापायला आठ दिवस गावी जाणार असल्याचं कळवलं. कळवलं म्हणजे उठताना दारात सांगितलं. रजेचा अर्ज दे म्हटलं तर म्हणाली, "भात पिकल्यावर अर्ज वाचतंय का?"

सुरुवातीला विरोध होतोच. प्लांटमध्ये हेल्मेट लावतानाही झाला होता.

शिरा खाल्ला. स्वरासाठी केला होता, उरला. अन्न टाकून द्यायचं नाही हा आमच्या घरचा संस्कार.

९ नोव्हेंबर, रविवार
मॉक ड्रिल. पेशंट व्हायला कोणी तयार नाही. स्वराला विचारलं तर तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. शेवटी अध्यक्षाने स्वतः उदाहरण घालून द्यायचं असतं, म्हणून मीच दिवाणावर आडवा झालो. कळा येत असल्याचं दाखवलं. आवाज थोडा मोठा झाला असावा, कारण खालच्या मजल्यावरचा धर्मेश जिना चढून आला. रिक्षावाला माणूस, मदतीला कायम पुढे. त्याला समजावून परत पाठवला.

पारूने पाठ चोळायला घेतली. हात चांगला आहे तिचा. पुढच्या मुद्द्यावर विचार करण्यासाठी मी क्षणभर डोळे मिटले. उठलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि अंगावर चादर होती. बाकी कोणीही जागेवर नव्हतं. ड्रिल चालू असताना टीम निघून जाते, ही गोष्ट मी पुढच्या मीटिंगला काढणार आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार
मोठी बातमी. ज्या दवाखान्यात स्वराचं नाव घातलंय, त्या डॉक्टरीणबाईंनी सोबतिणींना लेबर रूममध्ये घ्यायची परवानगी दिली. सध्या फक्त ट्रायल. एका बाळंतिणीसोबत एकच सोबतीण, आणि स्टाफच्या कामात लुडबूड नाही. ट्रायल नीट झाली तर कायमची परवानगी. नाहीतर स्वरालाही आत एकटीनेच जावं लागेल.

या परवानगीसाठी सौ. वर्षभर खेपा घालत होती. मी काल एकदाच गेलो आणि आज काम झालं. सौ.चं म्हणणं, परवानगी सोमवारीच मिळाली होती. असेल. पण माझ्या जाण्याने ती पक्की झाली.

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, तुम्ही कोण. बिझी असतात बिचाऱ्या.

सोबतिणींसाठी चार रिफ्लेक्टिव्ह जॅकेटं घेतली. केशरी. सोबतीण लांबून ओळखू यायला हवी.

१७ नोव्हेंबर, सोमवार
ट्रायलची पहिली केस. एमआयडीसीतल्या एका कामगाराची बायको, उत्तर प्रदेशकडची, इथे नात्यातलं कोणी नाही. फर्स्ट शिफ्टला सपना. मी खाली ओपीडीत, कंट्रोल रूमसारखा.

जॅकेट नर्सने दारातच काढायला लावलं. सेफ्टी कल्चर नाही.

तीन वाजता सपना खाली यायला हवी होती. आली नाही. फोन उचलेना. मी रिलीव्हर म्हणून मैनाबाईला वर पाठवलं. ती जायला तयार नव्हती, पण ऑर्डर ती ऑर्डर. मग म्हणे झालं असं, की सपना हात सोडवायला लागली तशी ती बाई "दीदी मत जाओ, दीदी मत जाओ" करत रडायला लागली. तिला धीर द्यायला मैनाबाईने तिचा दुसरा हात धरला. आता एक बाळंतीण आणि दोन्ही हातांना एकेक सोबतीण. नर्स ओरडली, एक जण बाहेर व्हा. दोघींपैकी कोणी हलेना. सपना म्हणाली पेशंट सोडत नाय, मैनाबाई म्हणाली सायबांनी धाडलंय. तेवढ्यात वॉर्डचा फोन वाजला. तो माझा होता. हँडओव्हर झाला का, एवढंच विचारायचं होतं. कोणी नीट उत्तर देईना म्हणून परत लावला. आणि परत.

डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. ग्लोव्हज तसेच. मला म्हणाल्या की यापुढे तुम्ही तळमजल्याच्या वर दिसलात, किंवा वॉर्डचा फोन वाजला, तर मी तुमच्या बायकांनाही वर घेणार नाही.

मुलगा झाला. दोघं सुखरूप. ट्रायलची पहिली केस यशस्वी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
रूट कॉज अॅनालिसिस केलं. निष्कर्ष: पेशंटला शिफ्टची पूर्वकल्पना नव्हती. सिस्टिममध्ये दोष नाही.

सौ. सकाळपासून बोलत नाही. भांडी मात्र बोलतायत. संध्याकाळी एवढंच म्हणाली की सपना काल घरी जाऊन रडली. मी म्हणालो, ट्रेनिंग कमी पडलं. त्यावर सौ. देवळात गेली. मंगळवारी ती देवळात कधी जात नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
स्वराच्या केसचं प्लॅनिंग तिच्यासमोर ठेवलं. तीन शिफ्ट, तिन्हीसाठी स्टँडबाय, सुपरव्हिजन माझं, तळमजल्यावरून. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली की आत फक्त पारूमावशी चालेल. दुसरं कोणी नको, आई पण नको. आईला मी ओरडलेलं सहन होणार नाही, म्हणाली. सौ.ला हे आधीच माहीत होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, पारूच का? तिचं इंग्लिश नाही, अनुभव सगळ्यांत कमी. स्वरा म्हणाली, "ती बोलत नाही, बाबा."

मग मी तिला श्वासाची पद्धत समजावायला घेतली. आकडे मोजून आत, आकडे मोजून बाहेर, मी यूट्यूबवर पाहून ठेवलंय. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. थोड्या वेळाने आतूनच म्हणाली, "बाबा, तुम्ही थोडे दिवस काही करू नका ना. प्लीज."

गाडीत पेट्रोल फुल केलं. काल पण केलं होतं, पण आज अर्धा लिटर बसलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार
विजय!

तिघी आज आपणहून आल्या. आधी बराच वेळ सौ.बरोबर स्वयंपाकघरात दार लोटून काहीतरी चाललं होतं. मग बाहेर येऊन मैनाबाई म्हणाली, सायेब, तुमची शिफ्ट आम्हाला मान्य हाय, पण हँडओव्हर कसा द्यायचा ते एकदा बैजवार शिकवा.

मन भरून आलं. उशिरा का होईना, पटलं. बोर्ड परत काढला. चार मुद्दे: पेशंटची स्थिती, काय काय दिलं, अडचण काय आली, पुढच्या शिफ्टने काय बघायचं. तिघी इतक्या लक्ष देऊन ऐकत होत्या की मला नोकरीतले दिवस आठवले. शंकाही चांगल्या विचारल्या. सपनाने विचारलं, पेशंट सारखा उठून पळत असंल तर? मी म्हणालो, ओढायचं नाही. चहा द्यावा, एखादं हलकं काम हातात द्यावं. मैनाबाईने विचारलं, लई बडबड करत असला तर? बोलू द्यावं, मध्येमध्ये हं म्हणावं. पारूने एकच विचारलं, तो घाबरलेला हाय आणि कबूल करत नाय, तर?

हा प्रश्न मला आवडला. मी म्हणालो, कबूल करून घेण्याच्या भानगडीत पडू नये. नुसतं शेजारी बसावं.

सौ. खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. तिलाही भरून आलं असावं.

२ डिसेंबर, मंगळवार
बीपी वाढलेलं दाखवतंय. मशिन खराब. धर्मेशकडचं मशिन आणलं. तेही खराब. सौ.ने गोळी वाढवून आणली.

जावई ज्ञानेशचा फोन, की तारखेच्या दोन दिवस आधी येतो, बाबा तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी त्याला म्हणालो की टेन्शन हा शब्द माझ्या डिक्शनरीत नाही. त्यानंतर त्याने फोन सौ.ला द्यायला सांगितला.

५ डिसेंबर, शुक्रवार
पारू परत गावी! आता भाताची झोडणी. फोन लागेना. सगळं प्लॅनिंग एका बाईवर आणि ती खळ्यावर. मी कोणाला न सांगता गाडी काढली. विक्रमगडच्या पुढे कुठेतरी डावीकडे वळायचं, एवढं माहीत होतं. डावीकडे बरेच रस्ते आहेत. एका रस्त्यावर रस्ताच संपला आणि गाडीचं चाक शेताच्या बांधावरून घसरलं. चिंधू नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माणसं बोलावून गाडी वर काढली. पारूचं नाव सांगितल्यावर म्हणाले, ती तं सकाळच्याच एष्टीनं बोईसरला गेली, साहेबाची पोरगी अडलीय म्हनं.

अडलीय! मी कसा घरी आलो ते मला आठवत नाही. घरी पारू आणि स्वरा पंख्याखाली बसून ओले बोंबील साफ करत होत्या. कोणी अडलेलं नव्हतं. पारूला म्हणे सहज वाटलं, म्हणून आली.

विना परवानगी रजा, विना परवानगी हजर. दोन्हीसाठी मेमो द्यायला हवा. स्वरा मात्र हसत होती. बऱ्याच दिवसांनी हसली. मेमो दिला नाही.

९ डिसेंबर, मंगळवार
सकाळी
नाश्त्याच्या वेळी स्वराचं पाणी गेलं. मी पूर्ण शांत. गाडीची किल्ली सापडेना. चपलांच्या कपाटात पाहिलं, फ्रिजमध्ये पाहिलं. तोवर सगळ्या धर्मेशच्या रिक्षातून निघूनही गेल्या. किल्ली माझ्या हातात होती.

रस्त्यात फर्स्ट शिफ्टच्या रिकाम्या बसेस. प्रत्येक बस नेमकी माझ्याच पुढे.

दवाखाना, सकाळी उशिरा
तळमजला. मेडिकलच्या शेजारचा बाक. पारू आत. सौ. वर, लेबर रूमच्या बाहेर. ज्ञानेश उद्या येणार होता, आता निघालाय. माझ्यासोबत मैनाबाई. लायझनिंगसाठी, म्हणजे वरचे निरोप खाली आणायला, ठेवली असावी. चांगली आयडिया, माझ्याकडून आधी सुचायला हवी होती.

जिन्यापर्यंत जाऊन आलो. वॉचमनने परत पाठवला. मैनाबाईने चहा आणला. साखर घातलेला. आजचा दिवस अपवाद.

दुपारी
परत जिन्यापर्यंत. परत वॉचमन. मैनाबाई म्हणाली, सायेब, ह्या खुर्च्या बघा कशा वाकड्यातिकड्या हायत. खरंच होत्या. ओपीडीतल्या सगळ्या खुर्च्या सरळ रेषेत लावल्या. सिस्टिम लागते ती अशी. मग तिने बीपीची गोळी दिली, ती घेतली. मैनाबाईला प्लांटमधल्या बॉयलरची हकिगत सांगितली, पूर्ण. ती मध्येमध्ये हं म्हणत होती. नागोराव नशीबवान.

वरून काहीच कळत नाही. इतका वेळ लागतो का? काळजी नाही. फक्त माहिती म्हणून विचारलं.

तीन वाजून गेल्यावर
सपना आली. अंगाला मासळीचा वास, बाजारातून थेट. मैनाबाई उभी राहिली आणि चार मुद्द्यांत हँडओव्हर द्यायला लागली. अगदी मी शिकवला तसा. मी कौतुकाने ऐकत होतो.

"पेशंटची स्थिती बरी हाय. सकाळपासून चहा दोनदा, बिस्कीट, पाणी. गोळी दिली. अडचण, जिन्याकडं पळतंय. खुर्च्या लावाया दिल्या की बसतंय. बॉयलरचं सांगून झालंय, आता टर्बाइनचं सांगंल, ते ऐकून घे. रडलं नाय अजून. तेवढं बघ."

मी विचारलं, स्वरा खुर्च्या कुठे लावतेय?

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मग मी स्वतःशी सगळं परत म्हणून पाहिलं. गोळी. जिना. बॉयलर.

मैनाबाई खाली बघत म्हणाली, "सायेब, रागाऊ नका. तुमच्या बाईंनीच सांगितलं. बाळंतिणीपाशी शिफ्ट चालत न्हाई, पण तुमच्यापाशी एकीला दिवसभर जमणार न्हाई." आणि गेली. तिची ड्युटी संपली होती. अकरानंतरची पाळी सौ.ची स्वतःची आहे, असं सपनाने सांगितलं.

रागवायचं ठरवलं होतं. उभाही राहिलो. पण परत बसलो. सपना जवळ सरकून बसली. टर्बाइनचं मी सांगितलं नाही.

मला भीती वाटत होती. इथे खरं तेच लिहायचं ठरलंय, तर लिहितो. मागच्या वर्षी फोन आला तेव्हापासून वाटते आहे. पुण्याला गेलो होतो तेव्हा स्वरा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि मी तिच्या घरातल्या गळक्या नळाबद्दल बोलत राहिलो होतो. हे सगळं सपनाला सांगितलं. ती हं पण म्हणाली नाही.

संध्याकाळी
मुलगी. स्वरा बरी आहे. दोघी बऱ्या आहेत.

सौ. जिन्यावरून सांगत खाली आली तेव्हा सपना म्हणाली, सायेब, आता हात सोडा. मी तिचा हात कधी धरला ते मला ठाऊक नाही. तिच्या दोन बांगड्या पिचल्या होत्या आणि मनगटावर वळ उठले होते. ती म्हणाली, "बाया याच्याहून जोरात धरतात. ऱ्हाव द्या." मग मैनाबाईने हँडओव्हरमध्ये बघायला सांगितलेलं तेवढं झालं. बराच वेळ झालं.

१४ डिसेंबर, रविवार
दोघी घरी आल्या. डॉक्टरीणबाईंनी ट्रायल संपवून कायमची परवानगी दिली. तळमजल्याची अट माझ्यापुरती चालू आहे.

सकाळी मंडळाची मीटिंग होती. मी आधीच बोलायला उठलो आणि अध्यक्षपद सोडतो म्हणालो. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. पारूने विचारलं, सायेब अध्यक्ष हायत काय? सौ. म्हणाली, असू दे, आता सोडतायत ना. ठराव झाला नाही. पुढचा विषय आईच्या पोटाला बांधायच्या पट्ट्याचा होता, तो लगेच सुरू झाला.

नात दुपारी माझ्या मांडीवर झोपली. स्वराने स्वतः आणून ठेवली आणि तिथेच शेजारी आडवी झाली. दोघी झोपल्या.

संध्याकाळी सौ.ला म्हणालो, मंडळात मला साधा सभासद म्हणून घ्या. बाहेर बाकावर बसणारे नवरे असतात, बाप असतात, त्यांच्यापाशीही कोणी बसायला हवं. माझा अनुभव कामाला येईल. सौ.ने माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, कल्पना चांगली आहे, पण सगळ्यांसारखं ट्रेनिंग करावं लागेल. मी म्हणालो, करू, त्यात काय. काय शिकवतात?

म्हणाली, पहिला अख्खा दिवस नुसतं गप्प बसायला शिकवतात.

विचार करून सांगतो म्हणालो.